डोहावरचे दोन हात

जानेवारीत वैनगंगेवर धुकं उतरलं की नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. त्या सकाळी दिव्यानी मोहघाटच्या उतारावर उभी राहून ऐकत होती. पाण्याची बारीक कुजबुज, कुठेतरी खोकणारा म्हातारा, आणि बांबू टेकवत येणाऱ्या डोंग्याची चाहूल. तिच्या खांद्यावर तीन पायांची लोखंडी घोडी होती आणि हातात पिवळी पेटी. पेटीत उंची मोजायची दुर्बीण. कामावर त्या दुर्बिणीला सगळे ‘लेव्हल’ म्हणायचे.

दिव्यानी नवी इंजिनिअर होती. मूल गावाजवळच्या एका धानकऱ्याची मुलगी, चंद्रपूरला शिकलेली, आणि आठवड्यापूर्वीच नव्या पुलाच्या कामावर रुजू झालेली. पुलाचं अर्धं काम या काठावर, चंद्रपूर जिल्ह्यात. अर्धं पलीकडे, गडचिरोलीत. मध्ये नदी. कामावरची जीप लांबच्या जुन्या पुलावरून वळसा घालून पलीकडे जायची. आज जीप बंद पडली म्हणून ती घाटावर आली होती, एवढंच.

धुक्यातून डोंगा बाहेर आला. बांबू धरून उभा असलेल्या तरुणानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग घोडीकडे.

“मॅडम, तुमी बसा. पण ह्या तीन पायाच्या बाईले कुठी बसवू?”

डोंग्यातली माणसं हसली. गावात छोटं दुकान चालवणारी रुखमाबाई माल आणायला आरमोरीला निघाली होती. ती म्हणाली, “माह्याजवळ बसव, इसरू. बोलत तं नाई बिचारी.”

“तिला धक्का लागू देऊ नका,” दिव्यानी हसू दाबत म्हणाली. “धक्का लागला की खोटं सांगते.”

“मंग तं आमच्या सरपंचाची बहीणच हाये.”

इसरूनं घोडी उचलली आणि आपल्या पायांशी, गमछ्याच्या घडीवर ठेवली. कुणाचं लेकरू ठेवावं तशी. दिव्यानीनं ते पाहिलं... आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

नदीच्या मधोमध डोह होता. तिथं बांबू पोचत नाही. इसरूनं बांबू आत घेतला, वल्हं हातात घेतलं, आणि त्याची बडबड एकाएकी थांबली. डोंग्यातलंही कुणी बोललं नाही. पाण्याचा रंग काळा झाला, आणि पलीकडची वाळू दिसायला लागेपर्यंत सगळे तसेच गप्प राहिले. खोल पाण्याची भीती असेल, असं दिव्यानीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जीप दुरुस्त झाली. तरी दिव्यानी घाटावर आली. का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

*

तो पूल पाहण्यासारखाच होता. डोहाच्या तळाचा खडक फुटका निघाला, म्हणून डोहात एकही खांब घ्यायचा नाही असं ठरलेलं. डोहाच्या अलीकडे एक खांब, पलीकडे एक. प्रत्येक खांबाच्या डोक्यावरून सिमेंटचे दोन हात दोन बाजूंना वाढत होते, थोडे-थोडे, आधार न घेता, हवेत. अलीकडच्या खांबाचा एक हात डोहाकडे, पलीकडच्याचाही एक डोहाकडे. एक दिवस ते मधोमध भेटणार होते.

“पण पडत काऊन नाई?” इसरूनं एका दुपारी विचारलं. परतीच्या डोंग्यात तिघंच होती, तो, ती आणि मालाच्या टोपलीसह रुखमाबाई. “खालून टेकू नाई, वरून दोरी नाई.”

दिव्यानीला कुणी असं विचारलं की तिचे डोळे चमकायचे. “मासे विकायला जाता तेव्हा कावड घेता ना?”

“घेतो.”

“एकच टोपली भरली तर?”

“पडतो. मी बी, मासे बी.”

“मग कशी भरता?”

“थोडे इकडे, थोडे तिकडे.”

“हा खांब म्हणजे तुमचा खांदा. इकडे एक तुकडा ओतला की तिकडेही तेवढाच ओततात. कावड हलत नाही.”

इसरूनं मान वर करून बराच वेळ पाहिलं. “बरं, कावड समजली. पण तुकडे एकमेकाले चिकटून कशे राह्यते?”

दिव्यानीनं इकडेतिकडे पाहिलं आणि रुखमाबाईच्या टोपलीतून साबणाच्या वड्या काढल्या. सहा-सात वड्या एकापुढे एक लावून दोन तळहातांत घट्ट दाबल्या आणि हवेत उचलल्या. मधल्या वड्यांना खालून काहीच नव्हतं; तरी रांग सरळ राहिली. “पुलाच्या पोटातून पोलादी तारा ओढल्यात. त्या अशा दाबून धरतात. दाब आहे तोवर तुकडा हलत नाही. धरून बघा.”

त्यानं आपले हात तिच्या हातांवर ठेवून रांग धरायला घेतली. तिनं आपले हात काढायला हवे होते... ते जरा उशिरा निघाले, आणि दाब सुटला. एक वडी थेट नदीत गेली.

“माही वडी,” रुखमाबाई म्हणाली.

“राहू दे, बाई. आज मासे आंघोळ करतीन,” इसरू म्हणाला.

“मासे करतीन का नाई मले ठाऊक नाई. तुमचं दोघाचं तोंड मात्र लाल होऊन राह्यलं.”

त्यानंतर दिव्यानीचं ‘इसरूभाऊ’ म्हणणं कमी होत गेलं. आधी ती ‘अहो इसरू’वर आली, मग नुसती घाटावर येऊन उभी राहायला लागली. त्यालाही हाक लागत नव्हती. डोंगा त्या काठावर असला तरी तो तिला ओळखायचा, ओढणी ओळखून की चाल, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मोह फुलला. पहाटे वेचणाऱ्या बायांच्या टोपल्यांचा गोडूस वास घाटापर्यंत यायचा. ती त्याला मोबाइलवर देशोदेशीचे पूल दाखवायची. काश्मीरची खोल दरी, आणि तिच्या दोन कड्यांवरून निघून मधोमध जुळलेली पोलादी कमान. मुंबईच्या समुद्रावर तारांना लटकलेला रस्ता. इसरू अंगठ्यानं चित्र मोठं करून तारा कुठं बांधल्यात ते शोधायचा. सगळ्यांत जास्त वेळ तो पांबनच्या पुलापाशी थांबला. समुद्रावरचा रेल्वेपूल, जहाज आलं की त्याचा मधला भाग उभाच्या उभा वर उचलला जातो.

“जहाजासाठी रेल्वे थांबते?”

“थांबते.”

“मोठ्या मनाचा पूल हाये,” तो म्हणाला.

मग त्यानं आपल्या पुलाकडे पाहिलं. दोन्ही हात आता डोहावर आले होते. “हा कधी जुडते, मॅडम?”

हा प्रश्न तो रोज विचारायचा. आधी तिला वाटलं, पोटाची काळजी असेल. पूल झाला की डोंग्यात कोण बसणार? म्हणून तिनं एकदा विचारलं, “पूल झाल्यावर तुम्ही काय करणार?”

“मासे मारीन. मिरची तोडाले तेलंगणात जाईन. कामं लय हाये.”

“वाईट नाही वाटत?”

“वाट्टे. पण पावसाच्या आधी जुडला पायजे.”

हे तो हसत म्हणाला नाही. आणि दिव्यानीच्या मनात काहीतरी खाली बसलं. रोज सकाळी आपण या माणसासाठी घाटावर येतो, आणि हा मात्र घाट संपायची वाट पाहतो... तिनं हातातल्या पिवळ्या पेटीकडे पाहिलं. आपलं काम पुढं सरकलं की आपल्यालाच उदास वाटावं, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

*

कामावरचे मोठे इंजिनिअर सुरेंद्र साहेब कमी बोलायचे. पण एक वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. “पूल पहाटे खरं बोलतो. ऊन चढलं की नाही.”

त्याचं कारण सोपं आहे. उन्हानं पुलाची पाठ तापते आणि पसरते. पोट सावलीत थंडच राहतं. मग हवेत पसरलेला तो लांब हात टोकाशी जरासा खाली वाकतो, उन्हात माणूस मान खाली घालतो तसा. संध्याकाळी गार झाला की पुन्हा वर. म्हणून टोकांची उंची मोजायची ती सूर्य वर यायच्या आत, आणि दोन्ही काठांवर एकाच पहाटेला.

मे महिन्यात दोन्ही टोकांमध्ये एका बैलगाडीपुरतीच फट उरली. जोड भरण्याआधीची मोजणी दिव्यानीकडे होती. अलीकडचं टोक तिनं अंधार विरत असतानाच मोजलं आणि घाटावर आली. डोंग्यात दुसरं कुणी नव्हतं.

डोहात पोचल्यावर इसरू नेहमीसारखा गप्प झाला नाही.

“काल मूलला गेल्ते म्हणे.”

“बाबांनी बोलावलं होतं. पाहुणे यायचे होते.”

“कोणते पाहुणे?”

“तसे पाहुणे.”

वल्हं थांबलं. “मंग... पसंत पडला पोरगा?”

“जो आला होता तो नाही.”

“म्हणजे दुसरा कोणी पसंत हाये?”

“आहे. पण तो विचारतच नाही. रोज एकच विचारतो, कधी जुडते.”

 इसरूनं वल्हं आडवं ठेवलं आणि पाण्यात हात सोडून बसला. तिनंही सोडला. दोन हात पाण्याखाली... एकमेकांपासून वीतभर लांब. डोंगा आपल्या मर्जीनं खाली वाहत गेला. कुठेतरी भारद्वाज घुमला. तिला हे एवढंच पुरेसं होतं, आणि आणखी थोडं हवं होतं.

मान वर केली तेव्हा सूर्य झाडांच्या वर आला होता. डोंगा घाटापासून बराच खाली गेलेला. इसरूनं जीव लावून वल्हं मारलं, तरी ती पलीकडच्या टोकावर पोचली तेव्हा चपलेतूनही सिमेंटचा उबारा लागत होता. परत जावं, उद्या पुन्हा दोन्हीकडे मोजावं, हे तिला कळत होतं. पण साहेबांना काय सांगायचं? थोडंसं ऊन, त्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि आलेला आकडा दिला.

संध्याकाळ व्हायच्या आत काम थांबलं. तिच्या आकड्याप्रमाणे पलीकडचं टोक चार बोटं खाली आलं होतं. चार बोटं म्हणजे काही नाही असं आपल्याला वाटेल; पण जोडात चार बोटांची पायरी असलेला पूल आयुष्यभर दुखत राहतो. सुरेंद्र साहेबांनी फोन लावले. पुलाचा आराखडा करणारे येऊन पाहतील, हिशेब पुन्हा होईल, तोवर जोड नाही. आणि ढग तर दक्षिणेकडे जमायला लागलेले. “पावसाआधी नाही झालं तर दिवाळीनंतर,” साहेब म्हणाले आणि तंबूत गेले.

दिव्यानीला कारण ठाऊक होतं. दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं घाटावर इसरूला सगळं सांगितलं. सांगताना तिची पुस्तकी भाषा गळून पडली, घरची भाषा आली.

“मी साहेबाले सांगितलं तं मले काढून टाकतीन. आन लोक काय म्हणतीन... डोहात दोघं जण काय करत होते?”

इसरू डोंग्यातलं पाणी उपसत होता. त्याचा हात थांबला. “म्हणजे आपण बोलत बसलो म्हणून पूल थांबला?”

“हो.”

“आन हा पावसाळा तसाच जाईन?”

“जाऊ शकते.”

तो डोंग्याच्या काठावर बसला.  मग बोलला ते पाण्याकडे पाहून.

“मले बहीण होती. रिंकू. दोन वर्षं झाले. पुराचे दिवस होते, तिले मण्यारनं चावलं. जुन्या पुलाचा रस्ता नाल्याखाली गेल्ता. फोन केला तं अॅम्बुलन्स आली, पण पलीकडच्या काठावर. तिचा दिवा फिरत होता, लाल, निळा... रिंकू या काठावर, माह्या मांडीवर. मी नावाडी, मॅडम. मी डोंगा काढला नाई.”

“पुरात कसा काढला असता?”

“तेच गाव म्हणते. काढला असता तं बाबा, मी, ती, सगळेच गेलो असतो. खरंच म्हणते गाव. तो दिवा मात्र मी लय वेळ पाह्यला. म्हणून डोह आला का माही बडबड बंद होते, गावाचीबी.” त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. “हा पूल व्हावा म्हणून गावाच्या अर्जावर पह्यला अंगठा माह्या बापानं दिला. त्याच्या घराचं काम जाणार, तरी. आन मी त्याच पुलाले उशीर लावला. काऊन, तं मले हसाबोलाले कोणी भेटलं म्हणून.”

“चूक माही हाये. आकडा मी दिला.”

“डोंगा मी थांबवला.” तो उठला. “साहेबाले सांगा, मॅडम. आजच. माह्यावर ढकला पाह्यजे तं.”

तिनं त्याच्यावर ढकललं नाही. तंबूत जाऊन ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “त्या दिवशी मी पलीकडे उशिरा पोचले. ऊन चढलं होतं. तरी मोजणी केली.”

“उशीर का?”

“बोलत बसले होते.”

कुणाशी, ते साहेबांनी विचारलं नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. “उद्या पहाटे मी स्वतः येतो,” ते म्हणाले. “दुर्बीण माझ्याजवळ ठेवा.”

पहाटे डोंगा आला तो इसरूचे वडील शालिकराम घेऊन. खोकत, वाकून, हळूहळू वल्हं मारत. “पोराले बरं नाई,” एवढंच ते बोलले, आणि ते खरं नव्हतं हे दिव्यानीला कळलं.

साहेबांनी दोन्ही टोकं मोजली. पलीकडचं टोक मुळी कुठं गेलंच नव्हतं; जिथं असायला हवं तिथंच होतं. दोन्ही हातांत फरक निघाला तो काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतका. साहेब दुर्बिणीवरून उठले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पूल चांगला बांधलाय आपण.” मग जरा थांबून, “मोजणी यापुढे दुसरं कुणी करेल.”

*

पाऊस यायच्या आधी जोड भरला. गार पहाटेला शेवटचं सिमेंट ओतलं, त्यावर ओली पोती पसरली. ते पक्कं झाल्यावर तारा ओढल्या, आणि दोन हातांचा एक रस्ता झाला. काठावर गाव जमलं होतं. नारळ फुटले, टाळ्या झाल्या. दिव्यानी गोदामाच्या दारात उभी राहून पाहत होती. आता ती सिमेंटची पोती मोजायची. गर्दीत इसरू तिला दिसला. त्यानं टाळी वाजवली नाही. पुलाकडे पाहिलं आणि घराकडे वळला.

गावाच्या जिभेला हाड नसतं. “मॅडमनं नदी मोजली का नावाडी?” असं तिच्या कानावर आलं. तिनं खाली मान घातली नाही, पण घाटावर जाणंही सोडलं. जाण्याचं कारणच उरलं नव्हतं. पलीकडे आता पायी जाता येत होतं. डोंगा मोहाच्या झाडाखाली ओढून ठेवला होता. इसरू मासे मारायला दूरच्या तलावावर जातो, असं शालिकरामनं सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं, तरी.

ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा लाल होऊन काठावर चढली. घाट बुडाला. जुन्या पुलाचा रस्ता नाल्याखाली गेला. नव्या पुलाचे कठडे अजून अर्धेच होते. मधूनमधून दोरी बांधलेली. पण साहेबांनी रस्ता लोकांसाठी सोडला.

त्या संध्याकाळी दिव्यानी छत्री घेऊन पुलावर गेली. आठवडाअखेर तिची बदली होती, आणि जाण्याआधी तिला पुरात पूल पाहायचा होता. मधोमध, जिथं शेवटचा जोड होता तिथं, दोरीला धरून कुणीतरी भिजत उभं होतं. तिनं लांबूनच ओळखलं.

ती जवळ जाऊन उभी राहिली. तो सरकला नाही. खाली डोह नव्हताच. नुसतं फिरणारं पाणी, त्यात ओंडके, एक अख्खं बाभळीचं झाड.

“किती वेळचे उभे हाये?”

“सकाळपासून.” त्याचा आवाज बसला होता. “पाहून राह्यलो.”

“पूर?”

“नाई. लोकं.”

तिनं वळून पाहिलं. सायकलवरून एक मास्तर गेला, मांडीपर्यंत पॅन्ट दुमडून. एक बाई भाजलेले चणे खात गेली. एका मोटारसायकलवर मागे बसलेली पोरगी मोबाइल पाहत होती आणि तिचा नवरा गाडी चालवता चालवता कुणाला तरी शिव्या देत होता. नदीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

“बरोबर इथीच,” इसरू म्हणाला. “याच पाण्यानं मले अडवलं होतं. आन ते पाहा, चणे खाऊन राह्यले. कोणालेच माहीत नाई खाली काय हाये.” त्यानं तोंडावरून हात फिरवला, पावसाचं पाणी होतं की दुसरं, ते कळण्यासारखं नव्हतं. “हेच पायजे होतं मले. आन हेच पाहवत नाई.”

दिव्यानीनं छत्री त्याच्यावर धरली. ती दोघांना पुरत नव्हती.

“माह्यावर राग हाये?” तिनं विचारलं.

“तुमच्यावर कायचा. मले वाटे, मी हसलो का कोणाचं तरी वाईट होते. म्हणून आलो नाई.” तो थांबला. “पण येत नव्हतो तरी... तलावावर बसून मी तुमच्याशीच बोलत होतो. मासे पळून जायचे.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पुलाखालून काहीतरी मोठं धडकून गेलं. पूल हलला नाही.

“बदली झाली म्हणे,” तो म्हणाला. “कुठी?”

“सिरोंच्याच्या वाटेवर. जंगलात नदी हाये. पलीकडे पाड्यातले लोक पावसाळाभर अडकून पडते.”

“पूल किती झाला?”

“काहीच नाई. अजून जागाबी ठरली नाई.”

“मंग साहेब लोक नदीपलीकडे कशे जातीन?”

“डोंग्यानं.”

“तिथी नावाडी हाये?”

“होता. म्हातारा झाला म्हणते.” तिनं दोरी घट्ट धरली. “माणूस शोधून राह्यले. पाणी ओळखणारा.”

इसरू गप्प झाला. खूप वेळ. डोहात व्हायचा तसाच. दिव्यानीला वाटलं, विचारायला नको होतं. म्हातारा बाप, गाव, ही नदी... कुणाला असं उपटून न्यायचं नसतं. ती छत्री त्याच्या हातात देऊन वळणार, इतक्यात तो बोलला.

“बाबाले विचारा लागन. एकटा राहीन तो.”

“हो.”

“तिकडची बोली मले येत नाई. तेलुगू बोलते ना तिकडे?”

“मलेबी येत नाई.”

“आन तिथचा पूल झाल्यावर?”

“मंग तिथूनबी जावं लागन,” ती खरं तेच म्हणाली. “दुसरी नदी. तिथी पूल नसन. हे असंच हाये माहं काम. आपण बांधतो तिथी आपल्याले राहता येत नाई.”

त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. पावसात त्याचा चेहरा थकलेला, काळवंडलेला दिसत होता. कोपऱ्यात कुठंतरी मात्र तो जुना, डोंग्यातला इसरू होता.

“म्हणजे तू मले जिंदगीभर घाट सोडाले लावशीन,” तो म्हणाला.

‘तू’. तिनं तो शब्द ऐकला. दोरीवरचा आपला हात थोडा सरकवला. त्याचा हात तिथंच होता, थंडगार, मासे धरून खरखरीत झालेला. या वेळी दोघांच्या मध्ये पाणी नव्हतं.

मागून घंटीचा आवाज आला. मालाचं ओझं लादलेली सायकल ढकलत रुखमाबाई येत होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन.

“पोट्टेहो, बाजूले व्हा,” ती म्हणाली. “रस्ता हाये हा. मांगून गाडी येऊन राह्यली.”

दोघं बाजूला झाली. गाडी गेली.